योत्सुयाचे विद्यापीठ आणि महाभारताचा जर्मन अभ्यासक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजचा विषय टोकियोतील सोफिया विद्यापीठ हा आहे. जपानमध्ये कॅथलिकांचे प्रमाण लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. अशा देशाच्या राजधानीत, योत्सुया स्थानकातून बाहेर पडल्यावर चार पावलांवर, एक खासगी कॅथलिक विद्यापीठ शंभराहून अधिक वर्षे कसे टिकले, हा प्रश्न मला मांडायचा आहे. परंतु पुण्यात बोलताना योझेफ डालमान यांच्यापासून सुरुवात न करणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांच्याविषयी माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती ऐकवण्यासाठी याहून योग्य श्रोते मला मिळणार नाहीत.

डालमान हे १८६१ साली कोब्लेंझ येथे जन्मलेले जर्मन जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य. सोफियाच्या इतिहासात त्यांचे नाव संस्थापक म्हणून येते. पोप दहावे पायस यांच्या आज्ञेवरून १९०८ च्या ऑक्टोबरात तीन जेझुइट योकोहामाला उतरले : फ्रेंच बुशे, अमेरिकेतून आलेले रॉकलिफ आणि तिसरे हे डालमान. संस्थेच्या आठवणीत ते तेथून पुढेच सुरू होतात. त्याआधी, १८९५ साली, याच माणसाने महाभारत हे एकाच वेळी महाकाव्य आणि धर्मशास्त्र आहे असे प्रतिपादन करणारा जाडजूड ग्रंथ लिहिला होता, याचा तेथे फारसा उल्लेख होत नाही. महाभारताचे नाव निघाले की पुण्यातल्या सभागृहात माना वर होतात. त्या झालेल्या मला येथून दिसत आहेत.

त्या काळच्या पाश्चात्त्य पंडितांचा कल महाभारताचे थर सोलून काढण्याकडे होता. मूळ वीरगाथा वेगळी, नीतीचा भाग मागाहून चिकटवलेला, शांतिपर्व तर सरळ उपरे, अशी ती मांडणी. डालमान यांनी तिच्या विरुद्ध उभे राहून सांगितले की कथा आणि धर्मविवेचन हे प्रथमपासून एकमेकांसाठीच रचलेले आहेत आणि हा एकसंध ग्रंथ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापर्यंत सिद्ध झालेला होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संस्कृत पंडित हॉपकिन्स यांनी या मतावर कडाडून टीका केली आणि विद्वानांचे बहुमत त्यांच्याच बाजूने गेले. कालनिर्णयाबाबत डालमान टिकले नाहीत, हे मलाही मान्य आहे. तथापि भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९४२ साली मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांना डालमान यांच्या सिद्धान्ताचा परामर्श घ्यावाच लागला. चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये, सुकथनकर गेले. ग्रंथ फोडण्याआधी तो सबंध वाचला पाहिजे, हा त्या व्याख्यानांतला आग्रह मला डालमान यांच्या मूळ धडपडीच्या फार जवळचा वाटतो.

माझी तक्रार अशी, की टोकियोत त्यांची ओळख संस्थापक आणि आपल्याकडे त्यांची ओळख खोडून काढलेल्या सिद्धान्ताचे लेखक, आणि ही दोन माणसे एकच आहेत हे दोन्हीकडच्यांना क्वचितच ठाऊक असते. त्यांचा आणखी एक धागा भारतातूनच गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते भारतात हिंडले, त्या प्रवासावर त्यांनी दोन खंड लिहिले, त्याच भ्रमंतीत जपानला पोहोचले आणि १९०५ मध्ये पोपना भेटून तेथील कॅथलिकांची उच्च शिक्षणाची मागणी त्यांनी पुढे मांडली. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी गोव्याहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियर यांनाही जपानच्या राजधानीत विद्यापीठ हवे होते. १५४९ साली ते कागोशिमाला पोहोचले, तेव्हा गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला आंजिरो हा जपानी माणूस त्यांचा दुभाषा होता. मधल्या काळात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर अडीचशे वर्षांहून अधिक बंदी होती. जुन्या गोव्यात झेवियर यांच्या अवशेषांपुढे उभ्या राहणाऱ्यांपैकी किती जणांना ती इच्छा टोकियोत पुरी झाल्याचे माहीत असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

डालमान १९३० साली टोकियोतच वारले. तोवर त्यांनी तेथील इम्पीरियल विद्यापीठातही जर्मन साहित्य शिकवले होते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा जाहीर केलेल्या विषयाकडे वळतो.

सोफिया १९१३ साली तत्त्वज्ञान, जर्मन साहित्य आणि वाणिज्य एवढ्या तीन शाखांनिशी सुरू झाले, तेही विशेष शिक्षणसंस्था या कनिष्ठ दर्जावर. विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा १९२८ मध्ये मिळाला. मधे १९२३ च्या महाभूकंपात लाल विटांच्या इमारतीची मोडतोड झाली. विद्यार्थी थोडे, पैसा परदेशातून येणारा, आणि सरकारची नजर सतत संस्थेवर.

खरी कसोटी १९३२ च्या मे महिन्यात लागली. लष्करी शिक्षणाच्या अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांना यासुकुनी या, युद्धांत मेलेल्या जपानी सैनिकांच्या शिंतो देवस्थानात नेले, तेव्हा काही मोजक्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी तेथे वंदन केले नाही. लष्कराने आपला अधिकारी काढून घेतला. त्याचा अर्थ असा, की सक्तीच्या सैनिकी सेवेत पदवीधरांना मिळणारी सवलत सोफियाच्या विद्यार्थ्यांना मिळणार नव्हती, आणि अशा विद्यापीठात कोणता बाप मुलगा पाठवणार? टोकियोच्या आर्चबिशपांनी शिक्षण खात्याला विचारणा केली. हे वंदन धार्मिक नसून देशभक्तीचे आहे, असे उत्तर आले. १९३६ मध्ये रोमनेही तो अर्थ स्वीकारून कॅथलिकांना परवानगी दिली. संस्था वाचली. मात्र ज्या राज्याने धर्म आणि राष्ट्र यांची सरमिसळ केली होती, त्याच राज्याकडून वंदनाचा अर्थ ठरवून घ्यावा लागला, ही किंमत मला आजही जड वाटते. त्या मुलांचे धैर्य संस्थेच्या चतुराईपेक्षा मला मोठे वाटते, आणि तरीही चतुराई नसती तर आज बोलायला विद्यापीठच उरले नसते, हेही खरे आहे.

वेळ संपत आला आहे, म्हणून माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. सोफिया टिकले याचे कारण धर्मांतरांची संख्या नव्हे. त्याचे बहुसंख्य विद्यार्थी कधीच कॅथलिक नव्हते. ते टिकले, कारण दुसऱ्याचे ग्रंथ आणि श्रद्धा गांभीर्याने वाचण्याची सवय तेथे आरंभापासून होती. १९३१ मध्ये तेथल्या जेझुइटांनी मिकावाशिमाच्या गरीब वस्तीत सेवाकेंद्र उघडले. १९३८ मध्ये जपानी संस्कृतीला वाहिलेले नियतकालिक काढले, ते आजही निघते. झेन पंथाचा इतिहास लिहिणारे ड्युमुलिन हे तेथलेच जेझुइट प्राध्यापक. स्त्रियांना प्रवेश मिळायला मात्र १९५७ उजाडावे लागले, आणि हा उशीर मी झाकणार नाही.

शेवटचे उदाहरण अंगकोरचे, म्हणजे कंबोडियातील प्राचीन मंदिरांच्या नगरीचे. सोफियाचे इतिहासाचे प्राध्यापक आणि पुढे अध्यक्ष झालेले योशिआकी इशिझावा यांनी अनेक दशके कंबोडियात काम केले. वारसा जपण्याचे काम कंबोडियाच्याच लोकांनी केले पाहिजे, या भूमिकेतून त्यांनी तेथील तरुण तज्ज्ञ घडवले. २००१ साली तेथील बान्तेय क्देई या मंदिरात हे प्रशिक्षण चालू असताना जमिनीतून २७४ बुद्धमूर्ती निघाल्या. इशिझावांना २०१७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कॅथलिक विद्यापीठाच्या पथकाने बुद्धमूर्ती बाहेर काढून त्या देशाच्या स्वाधीन कराव्यात, यात मला डालमान यांच्याच वृत्तीचा पुढचा टप्पा दिसतो. ही संगती कोणाला ओढूनताणून जुळवलेली वाटत असेल, तर प्रश्नोत्तरांत अवश्य विचारावे. यासुकुनीविषयीचे प्रश्नही मी तेव्हाच घेईन.