जर्सी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

8 सप्टेंबर 2014. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, पात्रता फेरीचा सामना चालू होता, स्पेन विरुद्ध मॅसिडोनिया. स्पेन आरामात जिंकत होता. शेवटची तेरा-चौदा मिनिटं उरली असताना मुनीर अल हद्दादी हा बार्सिलोनाचा नवा आघाडीवीर बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. वय नुकतंच एकोणीस पूर्ण झालेलं. जन्म माद्रिदजवळचा, वडील मोरोक्कोचे. सामना स्पेनने 5-1 असा जिंकला आणि मुनीर स्पेनच्या मुख्य संघाकडून पुन्हा कधीच खेळला नाही. त्याला बोलावणंच आलं नाही.

पुढे मोरोक्कोने त्याला विचारलं. त्याची तयारी होती, मोरोक्कोची तर होतीच. पण फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा, तेव्हाचा नियम आड आला. अधिकृत स्पर्धेतला एक जरी सामना एका देशाच्या मुख्य संघाकडून खेळलात, की तुम्ही कायमचे त्या देशाचे. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं. 2018चा विश्वचषक तोंडावर आला असताना लवादाने मोरोक्कोचा अर्ज फेटाळला. जेमतेम पाव तासाच्या खेळाने एका माणसाचं राष्ट्रीयत्व, निदान फुटबॉलपुरतं, ठरून गेलं होतं.

आज मला तुमच्याशी या निवडीविषयी बोलायचं आहे. दोन देशांचा असलेला खेळाडू एका देशाची जर्सी घालतो, तेव्हा दुसऱ्या देशातले लोक त्याला सहज गद्दार म्हणून मोकळे होतात. हा शब्द किती अन्यायाचा आहे, हे सांगावंसं वाटतं म्हणून हे भाषण.

आधी नियम थोडक्यात सांगतो. देशाकडून खेळायला त्या देशाचं नागरिकत्व लागतं. ते जन्मापासूनचं नसेल, नंतर मिळवलेलं असेल, तर आणखी एखादा धागा दाखवावा लागतो. तुमचा जन्म तिथला हवा, किंवा आई-वडिलांपैकी कोणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा. यातलं काहीच नसेल तर तिथे काही वर्षं सलग राहिलेलं असावं लागतं, प्रौढांसाठी ही मुदत पाच वर्षांची. मैत्रीपूर्ण सामन्यांनी खेळाडू बांधला जात नाही. दिएगो कोस्टा मार्च 2013 मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि त्याच वर्षी त्याने स्पेनची निवड केली, ती याच वाटेने. पुढच्या वर्षीचा विश्वचषक नेमका ब्राझीलमध्ये होता. जन्मभूमीच्या मैदानांवर तो चेंडूला पाय लावायचा आणि प्रेक्षकांतून शिट्ट्या व्हायच्या.

पूर्वी असं काही बंधन नव्हतं. लुइस मोंटी 1930च्या विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि हरला. चार वर्षांनी रोममध्ये तो इटलीकडून अंतिम लढतीत उतरला आणि जिंकला. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू. त्या काळच्या इटलीला दक्षिण अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांची मुलं हवीच होती. आल्फ्रेदो दि स्तेफानो अर्जेंटिनाकडून खेळला, नंतर स्पेनकडून. फेरेन्क पुश्काशने हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल केले. 1956 साली बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि तो चिरडला गेला, तेव्हा पुश्काश आपल्या क्लबबरोबर परदेशात होता. तो परतला नाही. 1962च्या विश्वचषकात तो चिलीमध्ये स्पेनच्या जर्सीत दिसला. त्यानंतर मात्र फिफाने दार लावून घेतलं.

दार लावणं सर्वस्वी चूक होतं, असं मी म्हणणार नाही. 2004 साली कतारने जर्मन लीगमध्ये खेळणाऱ्या काही ब्राझिलियन खेळाडूंना नागरिकत्व देऊन आपल्या संघात घ्यायचा घाट घातला. त्यात ऐल्तोनसारखा गोलांचा राजा होता. या खेळाडूंचा कतारशी काडीचा संबंध नव्हता, संबंध होता तो पैशाशी. फिफाने तातडीने नियम कडक केला आणि देशाशी खरं नातं दाखवा, अशी अट घातली. ते योग्यच झालं. राष्ट्रीय संघ जर बाजारातून उभा करता येऊ लागला, तर क्लब आणि देश यांत फरक तो काय राहणार? क्लबला पैसा लावून खेळाडू विकत घेता येतो. देशाला आपल्याकडे जे आहेत त्यांच्यावरच भागवावं लागतं, आणि राष्ट्रीय सामन्यांची सगळी मजा त्यातच आहे.

पण श्रोतेहो, पैशासाठी जोडलेलं नातं वेगळं आणि जन्मानेच दुहेरी असलेलं नातं वेगळं. गोंधळ होतो तो इथे. पहिल्यावरचा राग आपण दुसऱ्यावर काढतो.

लुकास पोडोल्स्कीचा जन्म पोलंडमधला. तो अगदी लहान असताना घरच्यांनी त्याला घेऊन पश्चिम जर्मनी गाठली. युरो 2008 मध्ये क्लागेनफुर्टला जर्मनीने पोलंडला 2-0 हरवलं, दोन्ही गोल पोडोल्स्कीचे. गोल झाला की धावत सुटणारा हा मनुष्य त्या दिवशी शांत उभा राहिला. ब्रील एम्बोलो कॅमेरूनची राजधानी याउंदेमध्ये जन्मला आणि बाझलमध्ये वाढला. 2022च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडने कॅमेरूनला 1-0 हरवलं आणि तो एकुलता एक गोल एम्बोलोचा होता. त्याने दोन्ही हात वर केले, जणू माफी मागत होता, आणि सहकाऱ्यांच्या गराड्यात तसाच उभा राहिला. मला असे गोल फार जवळचे वाटतात. त्या क्षणी खेळाडू कोणालाच फसवत नसतो. ज्याच्याकडून खेळतो त्याच्यासाठी गोल करतो आणि ज्याच्याविरुद्ध केला त्याचा मान राखतो. दोन्ही कर्तव्यं एकाच मिनिटात पार पडतात.

आणि भावाभावांचं काय? जेरोम बोआटेंग आणि त्याचा सावत्र भाऊ केव्हिन-प्रिन्स, दोघे बर्लिनचे, वडील घानाचे. 2010 साली जोहान्सबर्गमध्ये जर्मनी विरुद्ध घाना या सामन्यात ते एकमेकांसमोर उभे ठाकले. विश्वचषकात दोन भाऊ दोन देशांकडून समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ होती. 2016च्या युरोमध्ये ग्रानित झाका स्वित्झर्लंडकडून आणि त्याचा भाऊ ताउलांत अल्बानियाकडून खेळला. आई प्रेक्षकांत बसली होती, अर्धा एका देशाचा आणि अर्धा दुसऱ्या देशाचा असा शर्ट घालून. इन्याकी विल्यम्सने घाना निवडलं, धाकट्या निकोने स्पेन. त्यांचे आई-वडील घानाहून निघून सहारा तुडवत स्पेनला पोचले होते. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेली ही मुलं. यातला कोणता भाऊ देशभक्त आणि कोणता गद्दार, सांगता येईल कोणाला?

यापेक्षा फार मोठी किंमत देऊन केलेल्या एका निवडीची गोष्ट मला सांगायचीच आहे. 1958चा एप्रिल. अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. स्वीडनमधला विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता. मोनाकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी फ्रान्सकडून खेळत होता, विश्वचषकाच्या संघात त्याची जागा जवळजवळ पक्की होती. सेंट-एतियनचा रशीद मेखलूफी फक्त एकवीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी क्लबला लीग जिंकून देणाऱ्यांत तो होता, आणि त्या वेळी तो फ्रेंच सैन्यात सक्तीची सेवा बजावत होता. हे दोघे आणि त्यांचे काही अल्जीरियन साथी एके दिवशी गुपचूप फ्रान्समधून निघाले आणि अल्जीरियाशेजारच्या ट्युनिशियात, ट्युनिसला पोचले. मेखलूफीच्या बाबतीत हे पळून जाणं म्हणजे सैन्यातून पळणं होतं, त्याची शिक्षा काय असते हे सांगायला नको.

ट्युनिसमध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने त्यांचा संघ उभा केला. देश अजून जन्माला यायचा होता, पण त्याचा फुटबॉल संघ तयार होता. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. त्याच्याशी खेळणाऱ्यांवर कारवाईची तलवार टांगली. तरीही हा संघ उत्तर आफ्रिका, पूर्व युरोप, चीन, व्हिएतनाम असा फिरला. चार वर्षं हे खेळाडू आपल्या खेळाच्या ऐन उमेदीत मोठ्या स्पर्धांविना राहिले. त्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला, जूस्त फॉन्तेनने 13 गोलांचा विक्रम केला. झितूनी आणि मेखलूफी त्या संघात असते तर काय झालं असतं, हा विचार त्यांच्याही मनात आला असेलच.

1962 साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. आणि मेखलूफी कुठे गेला? परत सेंट-एतियनला. त्याच फ्रेंच प्रेक्षकांसमोर तो पुन्हा उतरला आणि 1968 साली क्लबने लीग आणि चषक दोन्ही पटकावले, तेव्हाही तो संघात होता. पुढे तो अल्जीरियाचा प्रशिक्षकही झाला. अल्जीरियासाठी त्याने सगळं पणाला लावलं होतं आणि तरीही सेंट-एतियनवरचं त्याचं प्रेम आटलं नव्हतं. एक निवडलं म्हणून दुसऱ्याचा द्वेष करायला हवा, असं त्याला कधी वाटलं नाही. युद्ध चालू असतानासुद्धा ज्याला हे जमलं, त्याच्यासमोर आज आपण एका जर्सीवरून एकमेकांच्या उरावर बसतो याची लाज वाटते.

आता दुसरी बाजू. खेळाडू देशाला निवडतो, मग देशाचं काय कर्तव्य? मेसुत ओझिल गेल्सेनकिर्शनचा. घराणं मूळचं तुर्कस्तानचं, पण याचा जन्म, शाळा, फुटबॉल सगळं जर्मनीतलं. त्याने तुर्की नागरिकत्व सोडलं आणि जर्मनीकडून खेळायचं ठरवलं. 2010 मध्ये बर्लिनला तुर्कस्तानविरुद्धच्या सामन्यात तुर्की प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने गोल केला आणि तो साजरा केला नाही. 2014 मध्ये तो विश्वविजेत्या संघात होता. 2018 मध्ये त्याने तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत फोटो काढला, त्यावरून गदारोळ झाला, पाठोपाठ जर्मनी विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत गारद झाली आणि सगळं खापर जणू त्याच्या एकट्याच्या माथी फुटलं. 92 सामने खेळल्यावर त्याने जर्मनीची जर्सी खाली ठेवली. जाताना त्याने जे म्हटलं त्याचा आशय असा, की आम्ही जिंकतो तेव्हा मी जर्मन असतो आणि हरतो तेव्हा परदेशातून आलेला. त्याने आणखी एक प्रश्न विचारला. पोडोल्स्की आणि त्याच्यासारखाच पोलंडमध्ये जन्मलेला मिरोस्लाव्ह क्लोजे यांना कधी कोणी ‘जर्मन-पोलिश’ म्हणत नाही, मग मलाच ‘जर्मन-तुर्की’ का?

फोटोबद्दल जाब विचारायला हरकत नव्हती. तो कोणत्याही खेळाडूला विचारता येतो. पण त्याच्या जर्मन असण्यावरच शंका घेणं ही जर्मनीची चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलाने तुमच्यासाठी दुसरा पासपोर्ट सोडला, त्याला इतक्या वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसवायचं नसतं.

अशा वागणुकीचा परिणाम पुढची पिढी पाहत असते. अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, रेआल माद्रिदच्या अकादमीत घडला. स्पेनच्या शिबिरात तो जाऊन आला होता, पण तिथे त्याला आपलेपणा वाटला नाही, असं त्याने नंतर सांगितलं. घरात जे वातावरण होतं ते मोरोक्कोचं होतं. 2022च्या विश्वचषकात मोरोक्को विरुद्ध स्पेन हा सामना पेनल्टीवर गेला. माँट्रिआलमध्ये जन्मलेल्या यासीन बुनूने दोन पेनल्टी अडवल्या आणि विजयाची शेवटची पेनल्टी माद्रिदच्या हकीमीने मारली. त्या मोरोक्को संघातल्या 26 पैकी 14 जणांचा जन्म देशाबाहेरचा होता, प्रशिक्षक वालिद रेग्रागुई स्वतः फ्रान्समध्ये जन्मलेले. हा संघ उपांत्य फेरीत पोचलेला पहिला आफ्रिकी संघ ठरला. ही मुलं मोरोक्कोची खरी नव्हेत, असं मोरोक्कोत तरी कोणी म्हणालं असेल असं मला वाटत नाही.

मुनीरची गोष्ट अर्धी राहिली. 2020 साली फिफाने नियम सैल केला. मुख्य संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने झालेले नसतील आणि तेही सगळे वयाची 21 वर्षं पूर्ण होण्याआधीचे असतील, विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटली असतील, तर देश बदलता येतो. 2021 मध्ये मुनीर अखेर मोरोक्कोकडून खेळला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

सुधारणा चांगली आहे, पण अपुरी आहे. लामिन यामालचंच पाहा. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, जन्म आणि वाढ स्पेनमधली. 2023 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्याने स्पेनकडून पदार्पण केलं. पुढच्या वर्षी तो युरो खेळला आणि सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही जिंकला. त्याचा निर्णय मनापासूनचा होता आणि तो त्याला लखलाभ असो. पण नियम असा आहे, की तीनपेक्षा जास्त सामने झाल्यामुळे युरोला उतरण्याआधीच तो आयुष्यभरासाठी स्पेनचा झाला होता, आणि तेव्हा तो मतदानाच्या वयाचाही नव्हता. यामाल हा लाखात एक. त्याच्यासारखेच सोळा-सतराव्या वर्षी बोलावले जाणारे, चार-पाच सामन्यांनंतर विसरले जाणारे कितीतरी असतील. देशांचे महासंघही हे जाणून असतात. दुसऱ्या देशाने मुलगा पळवू नये म्हणून त्याला घाईने मैदानात उतरवायचं आणि बांधून टाकायचं, असा मोह त्यांना होतोच.

माझं म्हणणं साधं आहे. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी खेळलेल्या कोणत्याही सामन्याने, मग तो विश्वचषकाचा का असेना, खेळाडू कायमचा बांधला जाऊ नये. यावर आक्षेप येईल की आम्ही त्याला घडवलं, त्यावर खर्च केला, आणि फळ दुसऱ्याने का चाखायचं? पण बहुतेक मुलांना घडवतात ते क्लब, आणि त्यांचा मोबदला त्यांना खेळाडूच्या खरेदी-विक्रीत मिळतो. राष्ट्रीय महासंघाला खर्चाची भरपाई हवीच असेल तर त्यासाठी वेगळा नियम करता येईल. मुलगा अठराव्या वर्षी काय ठरवेल याची भीती वाटत असेल, तर महासंघांनी त्याच्याशी आतापासूनच नीट वागावं.

नमस्कार.