नौदलाच्या आवारातली शाळा

(दृश्य: छताला टांगलेली चाकं, दातेरी चक्रं, रंगवलेले फलक)

आधी वर बघा. छताला, भिंतींना, जिन्याच्या कडेला जे जे लावलंय, ते सगळं मुलांच्या हातचं आहे.

अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन दिएगोच्या पॉइंट लोमा भागात १९२३ ते १९९७ नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं. त्याच आवारात २००० साली ‘हाय टेक हाय’ सुरू झाली. चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारी, फी नाही, आणि कसं शिकवायचं ते शाळेनं ठरवायचं. प्रवेश परीक्षा नाही. पिनकोडनुसार सोडत निघते, त्यामुळे वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं एका बाकावर येतात. हुशार आणि कच्ची अशा तुकड्या पाडत नाहीत.

संस्थापक लॅरी रोझेनस्टॉक कायदा शिकलेले. पण बॉस्टन आणि केंब्रिजच्या शाळांत त्यांनी ११ वर्षं सुतारकाम शिकवलं. या वर्गांत रंधा मारल्याची शिस्त दिसते, ती तिथली.

(दृश्य: ओहोटी, चिखलातले बूट)

शाळेजवळच खाडीचा फाटा आहे. इथल्या मुलांनी खाडीतले जीव मोजले, त्यांची चित्रं काढली, फोटो घेतले, खाडीचा इतिहास लिहिला. विज्ञानाचे आणि भाषेचे शिक्षक जोडीनं, त्याच मुलांबरोबर. त्यातून पुस्तकं छापली गेली. एकाला चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांची प्रस्तावना आहे.

(दृश्य: टेबल, कच्चा मसुदा, पेन्सिल)

लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर इथे आहेतच. आम्ही कॅमेरा मात्र या टेबलावर जास्त वेळ ठेवला. एकाचं काम मधोमध ठेवायचं आणि इतरांनी बोलायचं. नियम तीनच: बोलणं आपुलकीचं हवं, नेमकं हवं, उपयोगी हवं. ‘छान आहे’ म्हणून सुटका नाही. खेकड्याची नांगी चुकली असेल, तर कुठे चुकली ते बोट ठेवून दाखवायचं. मग खोडरबर, मग नवा कागद. पुन्हा तेच टेबल. आपल्याकडे वही एकदा तपासून परत मिळते आणि विषय संपतो. इथे तो तिथून सुरू होतो, आणि शिकणं म्हणतात ते आम्हाला इथेच दिसलं.

राज्याच्या परीक्षा या मुलांनाही आहेत. बहुतेक जण पुढे कॉलेजात जातात.

(दृश्य: संध्याकाळ, दाराबाहेर पालक)

आज प्रदर्शन आहे. आई-वडील, शेजारीपाजारी, कुणीही यावं, कुणीही विचारावं. काम ज्यानं केलं, उत्तर त्यानंच द्यायचं.

दार उघडतंय.

(निवेदन थांबतं. फक्त आवाज.)