कार्ड मेलं खरं, पण मारलं कुणी?

नमस्कार मंडळी! हे बघा. (कार्ड कॅमेऱ्याजवळ धरून) नखाएवढं मायक्रोएसडी मेमरी कार्ड आहे, पण गेल्या पावसाळ्यात यानं आमच्या राजारामपुरीतल्या घरात सकाळी सकाळी महाभारत घडवलंय.

पाण्याची मोटर मी रास्पबेरी पायवर लावलीय. पाय म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, आणि त्याची सगळी सिस्टीम या कार्डावर असते. खालच्या टाकीत पाणी आलं की वर चढवायचं, वरची भरली की बंद. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका रात्री धो धो पाऊस, लाईट चार-पाच वेळा आली-गेली, आणि सकाळी आई जिन्यातनं ओरडली, "अरे, नळ कोरडा! तुझा तो डबा झोपलाय काय?"

जाऊन बघतोय तर लाल दिवा चालू. हिरवा चार वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत चार वेळा. ही पायची खूण असते: सुरू व्हायला लागणारी फाईल सापडत नाही. आता गंमत बघा. त्या फाईलला मी दोन वर्षांत हातसुद्धा लावला नव्हता. मग ती गेली कुठं?

आपल्या पेठेतल्या तालमीबाहेरचा फळा आठवा. खडूनं लिहिलेला. समजा त्या फळ्याचा नियम असा, की एक ओळ बदलायची तर अख्खा फळा पुसायचा आणि सगळं परत लिहायचं. कार्डातली फ्लॅश मेमरी अशीच असते. लिहिते छोट्या पानांत, पुसते मात्र मोठ्या ब्लॉकमध्ये. म्हणून कार्डातला कंट्रोलर, म्हणजे ही मेमरी सांभाळणारी चिप, आधी कामाचा मजकूर दुसऱ्या फळ्यावर उतरवतो, मग जुना पुसतो, आणि कुठला मजकूर कुठल्या फळ्यावर गेला याची वही ठेवतो. ही उलथापालथ चालू असताना लाईट गेली, की वहीच अर्धवट राहते. मग जे आपण लिहीतच नव्हतो तेही हरवतं. माझी फाईल अशीच गेली असणार.

कार्ड झिजतं हे खरंच. प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. पण लोक सगळं खापर झिजेवर फोडतात, आणि चार्जरकडं कुणी बघत नाही. माझा चार्जर कसला होता? जुन्या मोबाईलचा! वर केबल दोन मीटर, शेवयीसारखी बारीक. पाय ४ या मॉडेलला ५ व्होल्ट, ३ अँपियर लागतात. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं, पण आपला पाय असतो कपाटावर, स्क्रीनशिवाय. बघणार कोण?

म्हणून टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या: व्हीसीजेनसीएमडी, मग गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड. (स्क्रीनवर दाखवा) उत्तर ०एक्स० आलं तर छान. माझं आलं ०एक्स५००००. म्हणजे पाय सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय आणि प्रोसेसरनं वेगही कमी केलाय. आधी चार्जर बदला भावा, मग कार्डाला शिव्या घाला.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं (लाईट गेली की झटकन बॅटरीवर नेणारं) बटण आहे का तेही बघा. आमचं वर्षानुवर्षं साध्या मोडवर होतं. पंख्याला चालतं ते, पायला चालंलच असं नाही.

आता लिहिणं कमी करायचं. घरातली उपकरणं चालवणारा होम असिस्टंट हा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो मुळात दर ५ सेकंदांनी डेटाबेसमध्ये नोंद उतरवतो. मी ते ३० केलं, आणि दर सेकंदाला बडबडणारा व्होल्टेजचा सेन्सर नोंदीतनंच वगळला. लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवायला लॉगटूरॅम हा प्रोग्रॅम आहे. 'नोॲटाईम लावा', म्हणजे फाईल नुसती वाचली तर ती वेळ नोंदवू नका, हा सल्ला सगळीकडं मिळतो, पण रास्पबेरी पाय ओएसमध्ये ते आधीच लावलेलं असतं. त्यात वेळ घालवू नका.

नवीन कार्ड घेताना 'हाय एन्ड्युरन्स' (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं घ्या, आणि घरी आणल्यावर एफथ्री या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. बाहेर १२८ जीबी छापलेलं आणि आत भलतंच, असा माल बाजारात फिरतो.

कार्डाऐवजी एसएसडी डिस्क घेऊ का? घ्या की. मीही घेतली. पण पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपियरच मिळतात. पाय ५ ला ३ अँपियरचा चार्जर लावला, तर यूएसबीला जेमतेम ०.६. भुकेली डिस्क लावली की परत तीच बोंब, फक्त महागडी. शिवाय डिस्क यूएसबीला जोडणारे काही सस्ते यूएसबी-साटा अडॅप्टर पायशी नीट बोलत नाहीत, डिस्क मधेच गायब होते.

आणि बॅकअप. माझ्याकडं होता हो बॅकअप! त्याच कार्डावर. (थांबा) हसून घ्या.

आता रोज रात्री तो लॅपटॉपवर जातो. शिवाय महिन्यातनं एकदा दुसऱ्या कार्डावर उतरवून त्याच पायमध्ये घालून बघतो, उठतोय का. ते कार्ड पाकिटात घालून डब्याशेजारी चिकटवलंय. वर आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "पाणी".