‘शी’ म्हणजे नेमकं काय? मुलं आणि भाजी

(कॅमेऱ्यासमोर कढई धरून)

ही बघा, काल रात्रीची दुधीची भाजी. घरात माणसं पाच, आणि उरलीय जवळजवळ चौघांची. आईने खाल्ली. बाकीच्यांनी ताटात घेतली, पोळीच्या तुकड्याने इकडून तिकडे फिरवली आणि उठलो. उठलो म्हणजे, त्यात मीही होतो. पोरांना कुठल्या तोंडाने ओरडणार?

नमस्कार मंडळी. आज मुलांनी आवडीने खाव्यात अशा भाज्यांबद्दल बोलू. माझ्याकडे दोन परीक्षक आहेत, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, कारण बायको सात वीसची लोकल पकडते. डबे मी भरतो आणि संध्याकाळी परत आलेले डबे मीच उघडतो. या विषयातलं माझं सगळं शिक्षण त्या परत आलेल्या डब्यांतून झालंय.

आधी माझी एक फजिती ऐका. मध्यंतरी मी भाज्या लपवायच्या मागे लागलो होतो. पालक उकडून वाटायचा, डोशाच्या पिठात ढकलायचा आणि ‘हा हल्क डोसा’ म्हणून वाढायचा. आठवडाभर मजेत चाललं. मग एक दिवस पालक नीट वाटला गेला नाही आणि मुलीच्या दातात देठाचा धागा अडकला. तिने तो बोटाने ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, ‘बाबा, हे काय आहे?’ त्यानंतर पंधरा दिवस साधा पांढरा डोसासुद्धा ती उलटा करून, टराटरा फाडून बघायची. पालक तर गेलाच, डोसाही गेला. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. भाजीचं रूप बदलायचं, नाव बदलायचं नाही. दुधीचं थालीपीठ केलं तर ते दुधीचं आहे असं सांगूनच वाढायचं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मूल ‘शी’ म्हणतं. त्याच्याकडे तेवढा एकच शब्द असतो. आपल्याकडे मात्र शब्दांची रेलचेल आहे! पचपचीत, बुळबुळीत, चोथट, उग्र, कडू. त्या ‘शी’चा यातला कोणता अर्थ आहे, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. बहुतेक वेळा मुलाची तक्रार चवीची नसते, भाजी दाताखाली कशी लागते याची असते.

पचपचीतपासून सुरू करू, म्हणजे दुधी, दोडका, पडवळ. या भाज्यांत पाणीच फार. त्यात आपण झाकण ठेवतो, वर भांडंभर पाणी ओततो आणि मऊ लगदा ताटात वाढतो. काल मी नेमकं हेच केलं. दुधीला पिठाचा आधार द्यायला हवा होता.

(किसणी आणि परात पुढे)

कसं ते बघा. दुधी सोलला की आधी एक कच्ची चकती जिभेला लावायची. कडू लागली तर अख्खा दुधी सरळ कचऱ्यात. ‘थोडासाच कडू आहे, चालेल’ असं इथे अजिबात चालत नाही, कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. हा गोड आहे. आता दीड वाटी कीस परातीत घ्या, वर मीठ घाला आणि दहा मिनिटं विसरून जा.

(परात तिरपी करून)

पाणी बघा किती सुटलंय. हे पिळून टाकू नका, याच पाण्यात पीठ भिजवायचं. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. हळद, थोडं तिखट, ओवा, तीळ, मूठभर कोथिंबीर, आणि मावेल तेवढी भाजणी. साधारण एक वाटी लागते. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ आणि त्यात थोडं बेसन. ओल्या फडक्यावर थापा आणि भोकं पाडा. हे काम मुलांना द्या. माझा चार वर्षांचा मुलगा स्वतः भोकं पाडलेलं थालीपीठ दुसऱ्या कोणाला देत नाही, त्यामुळे ते त्यालाच खावं लागतं. भोकांत तेल सोडा, झाकण ठेवून एक बाजू खरपूस होऊ द्या, मग उलटा. दह्याबरोबर द्या, नाहीतर लोण्याचा गोळा ठेवा. तेला-लोण्यावरून भुवया उंचावू नका. गाजर, लाल भोपळा, पालक यांच्यातला जो भाग शरीरात गेल्यावर अ जीवनसत्त्व होतो, तो अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतंच. आपल्या फोडणीचं तेवढं काम आहे.

पिठाचाच दुसरा प्रकार म्हणजे पीठ पेरून भाजी. सिमला मिरची, कोबी, कांद्याची पात, मेथी, मुळ्याचा पाला, सगळ्यांना चालतो. बेसन आधी कोरडंच भाजून ठेवायचं, कच्चं राहिलं तर टाळ्याला चिकटतं. भाजी बारीक चिरून मोहरी-हिंगाच्या फोडणीत मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परतायची, मग चार चमचे बेसन भुरभुरवायचं, दोन मिनिटं वाफ, वरून लिंबू. भाजी कोरडी आणि खमंग होते. डब्यात पाणी सुटत नाही. ही साधी गोष्ट कळायला मला फार दिवस लागले. मुलीच्या डब्यातली भाजी परत यायची, कारण मधल्या सुट्टीपर्यंत त्या भाजीच्या पाण्याने पोळीचा लगदा झालेला असायचा. भाजीवर तिचा राग नव्हता, त्या ओल्या पोळीवर होता.

आता बुळबुळीत, म्हणजे भेंडी. भेंडीला पाणी लागलं की तिचा चिकटपणा पसरतो. धुवायची ती अख्खी धुवायची, फडक्याने एकेक पुसायची आणि मगच चिरायची. ओल्या सुरीने चिराल तर पहिल्या भेंडीतच तार सुटेल. कढई पसरट घ्या, झाकण नको, मीठ शेवटी. आणि आंबट हवंच. दोन आमसुलं टाका, नाहीतर लिंबू पिळा. आंबटाने चिकटपणा तुटतो. आमच्याकडे मी पातळ चकत्या करून मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत परततो. पोरं चिवड्यासारख्या उचलून खातात. अर्धा किलोची वाटीभरच उरते, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर मला शिव्या नकोत.

चोथ्याची गोष्ट छोटी आहे. गवारीच्या शिरा आपण घाईत काढत नाही. मोठ्या माणसाला त्या चावून गिळता येतात. चार वर्षांचं मूल चावतं, चावतं आणि चोथा थुंकतं, की आपण म्हणतो नखरे करतोय. शिरा काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, दाण्याचं कूट आणि बोटभर गूळ घाला. झालं.

उग्र म्हणजे कोबी, फ्लॉवर, मुळा. कोबी जितका जास्त शिजतो तितका त्याचा गंधकासारखा वास वाढतो. लग्नाच्या हॉलमागे येतो ना, तोच. म्हणून कोबी केसासारखा पातळ चिरायचा, भिजवलेली चणाडाळ घालायची आणि मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत गॅस बंद करायचा. थोडा करकरीत राहिला पाहिजे.

राहिलं कडू. कारल्याच्या वाटेला मी इतक्यात जाणार नाही. लहान जिभेला कडू जास्त झोंबतं, आणि ‘आम्ही खायचो’ हे आपण जे सांगतो ते बहुतेक खोटं असतं. मेथी मात्र सोडू नका. मुगाची डाळ अर्धवट शिजवून मेथीची गोळा भाजी करा, लसणीची फोडणी जरा सढळ हाताने. कडूपणा डाळीत मुरतो.

बरं, मुलांनी खायचं तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आकडे दिलेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान २५० ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्यांना ३५० ग्रॅम. ऐकायला डोंगर वाटतो. पण सोललेलं केळं साधारण १०० ग्रॅमचं भरतं. म्हणजे धाकट्याने एक केळं खाल्लं की दिवसभरात दीडशे ग्रॅम उरलं. दुधीचं एक थालीपीठ, थोडी काकडी, रात्री भाजी घातलेली आमटी, एवढ्यात जमतं. सरकारी शाळांच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे ५० ग्रॅम भाजीचं प्रमाण आहे. ५० ग्रॅम म्हणजे किती ते एकदा घरच्या काट्यावर बघा.

(वाटीत चिरलेली भाजी)

एवढीशी. यात अवघड काही नाही. फक्त या हिशेबात बटाटा धरायचा नाही. बटाट्याची भाजी ही या मोजणीत भाजीच नव्हे. मला माहितीय, आत्ता अनेक घरांतल्या डब्याचा आधारस्तंभ कोसळला.

पावभाजीचं काय, असं विचाराल. पावभाजी मला आवडते आणि ती करताना मला अजिबात अपराधी वाटत नाही. नेहमीच्या पावभाजीत बटाटा राजा असतो आणि बाकीचे दरबारी. मी उलटं करतो. दोन बटाटे, आणि त्याच्या तिप्पट फ्लॉवर, गाजर, मटार, सिमला मिरची, लाल भोपळा. रंगाला बीटची एक फोड. पोरांना हे सगळं माहीत असतं, कारण मटार त्यांनीच सोललेले असतात. अर्थात निम्मे पोटात जातात, तेही हिशेबात धरा.

आता स्वयंपाकाबाहेरचं थोडं. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं हा वाढीचाच भाग असतो. तुमचं मूल हट्टी आहे, तुमच्या हाताला चव नाही, असं काही नसतं. अभ्यास सांगतात की नवी भाजी अंगवळणी पडायला आठ ते पंधरा वेळा चाखावी लागते. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळी हात टेकतो आणि जाहीर करतो, ‘आमच्याकडे दोडका चालत नाही.’ म्हणून मी चमचाभरच वाढतो. तेवढा टाकला तरी जीव तुटत नाही.

‘भाजी संपव, मग आइस्क्रीम देते’ हा सौदा मात्र बंद करा. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक वाटणी मला पटते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. मी हे आईला सांगितलं. ती ताक घुसळत होती. म्हणाली, ‘म्हणजे पोरगं उपाशी उठलं तरी चालेल?’ मी म्हटलं, ‘एखाद्या दिवशी चालेल.’ त्यावर आई म्हणाली, ‘तू लहानपणी दुधी ताटाखाली लपवायचास. ताट उचललं की खाली ढीग. मी काही बोलले का?’ मला आठवतंय त्याप्रमाणे ती बरंच बोलली होती. पण वाद घातला नाही.

आणखी एक युक्ती, आमच्याकडे हमखास चालणारी. जेवणाआधीची वीस मिनिटं मुलं भुकेने स्वयंपाकघराभोवती घोटाळत असतात. त्या वेळी बिस्किटाचा डबा वर ठेवायचा आणि ओट्यावर काकडी, गाजर, मुळ्याच्या चकत्या, लिंबू-मीठ लावून, नुसत्या ठेवून द्यायच्या. ‘खा’ म्हणायचं नाही. ताटातली कोशिंबीर मागे ठेवणारी माझी मुलगी उभ्या उभ्या अख्खी काकडी संपवते. दाण्याचं कूट आणि फोडणी घातलेली खमंग काकडी असेल तर भांडणं होतात.

ज्यांना वाटतं ही सगळी नवी खटपट आहे, त्यांनी जानेवारीतली भोगीची भाजी आठवावी. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे आणि तिळाचं कूट, सगळं एका कढईत, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गोव्यातलं खतखतंही तसंच, नारळाच्या रसात भाज्यांची जत्रा. त्यात मुलांना तिरफळं शोधून बाजूला काढायला द्या, जेवण लांबतं पण ताट रिकामं होतं. अळूच्या पातळ भाजीतही मुलांसाठी शेंगदाणे असतातच. माझी मुलगी आधी सगळे दाणे वेचते, मग उरलेल्या फदफद्यात भात कालवते. चालतंय.

तर आता या कढईचं काय? फेकायची नाही. भाजी रवीने घोटली, त्यात लसूण आणि ओवा घातला, मावेल तेवढं ज्वारीचं पीठ मळलं. पहिलं थालीपीठ थापून तयार आहे. ये रे, भोकं पाड.

(मुलाचा हात फ्रेममध्ये)

पाच पुरेत. अरे, पाचच... सात का?

‘ताईने सहा पाडली होती.’

बरं. तवा तापलाय, सरक मागे.