धारावीत दहा लाख माणसं मोजली कुणी?

(मुंबईतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'सामाजिक प्रश्नांवरची भरवशाची माहिती इंटरनेटवर कशी शोधावी'. त्यामुळे तुम्ही मोबाइल सरसावून बसला आहात, मी संकेतस्थळांची यादी पडद्यावर टाकणार आणि तुम्ही फोटो काढून चहाला जाणार, अशी तयारी दिसते. यादीचं शेवटी बघू, वेळ उरला तर. आधी माझा एक हट्ट ऐकून घ्या. भरवशाचं संकेतस्थळ अशी काही चीज नसते. भरवसा एखाद्या तक्त्यावर ठेवता येतो, आणि तोही ठरावीक प्रश्नापुरता. तोच तक्ता भलत्या प्रश्नाला जोडला की सरकारी शिक्क्यासकट दिशाभूल करतो.

धारावीच घ्या. 'आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी, लोकवस्ती दहा लाख.' हे वाक्य पर्यटकांच्या माहितीपत्रकात आहे, शोधनिबंधांत आहे, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्येसुद्धा असेल. आता विचारा, मोजले कुणी? जनगणनेत मुंबईची लोकसंख्या महापालिकेच्या प्रशासकीय विभागांप्रमाणे मिळते. धारावी येते जी उत्तर विभागात. २०११च्या जनगणनेत या अख्ख्या विभागाची लोकसंख्या सुमारे ६ लाख आहे. अख्ख्या म्हणजे शिवाजी पार्कसमोरचे मोकळ्या हवेचे लाभार्थी धरून, माहीम धरून, दादरच्या चाळी धरून. या सहा लाखांत दहा लाखांची धारावी बसवायची कुठे? शिवाजी पार्क रिकामं केलं तरी बसत नाही. (हशा)

आता धारावीच्या बाजूने बोलते. जनगणनेत माणसं सुटतात. पोटमाळ्यावरचा भाडेकरू घरमालक सांगत नाही. कारखान्यात काम करून तिथेच झोपणारी पोरं प्रगणक येतो तेव्हा गावी गेलेली असतात. तेव्हा खरी संख्या नोंदलेल्या संख्येपेक्षा जास्त असेल, हे मान्य. पण मग जास्त म्हणणाऱ्याने आपली पद्धत सांगायला हवी. अशा वस्त्यांत सहसा झोपड्या मोजतात आणि सरासरी कुटुंबाने, म्हणजे पाच-साडेपाचाने गुणतात. इथेच घोटाळा होतो. मोजलेल्या दारांत चामड्याचे आणि जरीचे गाळे आले तर जिथे कुटुंबच नाही तिथे पाच माणसं जन्माला येतात. उलट तळमजला आणि वरची खोली एकच दार धरली तर एक कुटुंब नाहीसं होतं. दारं किती, त्यांतली राहती किती आणि पाच हा गुणक कुठून आणला, या तीन गोष्टी सांगितल्या नसतील तर तो आकडा ऐकीव समजायचा.

त्यातून आकडा असा फिरतो की त्याचं मूळच दिसेनासं होतं. निबंधाच्या तळटीपेत वर्तमानपत्र असतं. वर्तमानपत्रात 'एका अभ्यासानुसार' असतं, आणि तो अभ्यास उघडला की त्यात पुन्हा वर्तमानपत्राची तळटीप. पाच ठिकाणी तोच आकडा सापडला की आपल्याला वाटतं पाच साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात ते एकाच कागदाचे पाच झेरॉक्स असतात. म्हणून तळटीपा उलट्या दिशेने चालत जायच्या आणि 'आम्ही मोजलं, असं मोजलं' म्हणणारा माणूस भेटेपर्यंत थांबायचं नाही. बहुतेक वेळा तीन-चार टप्प्यांत वाट संपते. काही वेळा कुणीच भेटत नाही, तेव्हा तो आकडा लिहायचा नाही.

दुसरं आवडतं वाक्य, 'मुंबईचे साठ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात'. २००१च्या जनगणनेत हे प्रमाण ५४ टक्के होतं. २०११ला ते ४२ टक्क्यांच्या आसपास आलं, १ कोटी २४ लाखांपैकी ५२ लाख. त्याच २०११च्या जनगणनेत ४१.३ टक्के असाही आकडा सापडेल. तो चुकीचा नाही. तो कुटुंबांचा आहे, ४२ टक्के माणसांचा आहे. छेद बदलला की उत्तर बदलतं. आता ५४चे ४२ झाले त्यात किती झोपड्यांचे टॉवर झाले आणि किती ठिकाणी झोपडपट्टी गटांची आखणीच वेगळी झाली, हे तो तक्ता सांगत नाही. म्हणून 'मुंबईतली झोपडपट्टी घटली' असा मथळा देण्याआधी दहा मिनिटं थांबावं.

मुळात झोपडपट्टी म्हणजे काय? जनगणनेने तीन प्रकार धरले: कायद्याने अधिसूचित, सरकारने मान्य केलेली पण अधिसूचित नसलेली, आणि प्रगणनेच्या वेळी ओळखलेली. तिसऱ्या प्रकाराला किमान ३०० वस्ती किंवा साधारण ६० ते ७० कुटुंबं लागतात. म्हणजे पुलाखाली चाळीस कुटुंबं असतील तर जनगणनेच्या दृष्टीने तिथे झोपडपट्टी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६९व्या फेरीत, २०१२मध्ये, किमान २० कुटुंबांची अट होती. अट सैल, म्हणजे आकडा मोठा यायला हवा ना? देशभरात जनगणनेला झोपडपट्टीतली १ कोटी ३७ लाख कुटुंबं दिसली, नमुना पाहणीचा अंदाज आला ८८ लाख. एका वर्षाच्या अंतराने दोन सरकारी आकडे, फरक जवळपास पन्नास लाख कुटुंबांचा. एक घरोघरची मोजणी, दुसरा नमुन्यावरून काढलेला अंदाज. दोन्ही अहवालांत पद्धत छापलेली आहे. ते पान कुणी उघडत नाही, ही माझी तक्रार.

जाता जाता स्थलांतराचं. मुंबईत 'बाहेरचे किती' हा आकडा निवडणूक आली की उगवतो. जनगणना दोन प्रकारे मोजते, जन्मस्थानावरून आणि याआधीच्या राहण्याच्या ठिकाणावरून. दुसऱ्या व्याख्येने रत्नागिरीहून आलेला स्थलांतरित, लग्न होऊन डोंबिवलीहून दादरला आलेली सून स्थलांतरित, आणि ठाण्यातलं घर विकून चेक नाक्याच्या अलीकडे मुलुंडला आलेले काकाही स्थलांतरित. काकांना हे सांगून बघा. (हशा) हा एकूण आकडा घेऊन त्याचा अर्थ 'परप्रांतीय' असा लावणारे लेख दर निवडणुकीला येतात. राज्याबाहेरून आलेल्यांचं वेगळं कोष्टक जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांच्या त्याच मालिकेत, डी मालिकेत, आहे. खाली स्क्रोल करायचे कष्ट तेवढे आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आयआयपीएस ही संस्था आपल्याच देवनारला आहे. पाचव्या फेरीची माहिती २०१९ ते २०२१मध्ये गोळा झाली. नोव्हेंबर २०२१मध्ये बातम्या झळकल्या की भारतात आता हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. पेढे वाटायचेच बाकी होते. आकडा सर्वेक्षणातलाच होता. पण तो आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्यांचा होता. बाहेरगावी कामाला गेलेला नवरा त्यात नाही, छावणीतला जवान नाही, वसतिगृहातला मुलगा नाही. घराबाहेर जास्त कोण असतं, ते मी सांगायला नको. मुली जन्माला किती येतात ते पाहायचं तर त्याच पत्रकात, आदल्या पाच वर्षांतल्या जन्मांवरून, हजार मुलग्यांमागे ९२९ मुली असा आकडा होता. तो मथळ्यात आला नाही.

या सर्वेक्षणाची जिल्हावार माहितीपत्रकं मिळतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वेगळी, दोन्ही उघडायची. त्यात काही आकडे कंसात असतात आणि काही जागी नुसती फुली असते. तळाशी बारीक अक्षरात खुलासा आहे: कंस म्हणजे तो टक्का अवघ्या २५ ते ४९ नोंदींवरून काढलाय, फुली म्हणजे २५पेक्षाही कमी, म्हणून छापलाच नाही. आपण निबंधात आकडा उचलतो आणि कंस मागे ठेवतो. मग तीस बाळांवरून काढलेल्या टक्क्यावर अख्ख्या जिल्ह्याच्या कुपोषणाचं धोरण सुचवलं जातं.

आयोजकांनी पहिली चिठ्ठी पाठवली आहे. पंधरा मिनिटं. बरं.

बेरोजगारी भराभर उरकते. पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. २०२३-२४मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची बेरोजगारी ३.२ टक्के, आणि त्याच सर्वेक्षणात ४.९ टक्केही. पहिली वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून, दुसरी मागच्या सात दिवसांवरून. साप्ताहिक मोजणीत सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूस 'कामावर' धरला जातो. सत्ताधारी पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा, आणि दोघेही खरं बोलत असतात.

गुन्ह्यांची आकडेवारी एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची. ती नोंदलेल्या गुन्ह्यांची असते, घडलेल्या नव्हे. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल तर तो बलात्काराच्या आकड्यात येत नाही. ज्या शहरात तक्रार घेणं सोपं केलं, तिथे पुढच्या वर्षी गुन्हे वाढलेले दिसतात. क्रमवारी छापणाऱ्यांना हे माहीत असतं, असं मी समजते.

शिक्षणात 'असर'चा, म्हणजे मुलांना वाचता-लिहिता, गणित किती येतं हे पाहणाऱ्या सर्वेक्षणाचा, हवाला सर्रास देतात. तो करणारी 'प्रथम' संस्था मुंबईच्या वस्त्यांतून उभी राहिली, पण २००५पासूनचं हे सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे. मुंबई त्यात नाहीच. मुंबईच्या शाळांसाठी यूडायस प्लस, म्हणजे केंद्र सरकारची शाळांच्या माहितीची नोंद, बघा. तिथली माहिती शाळांनीच भरलेली असते, आणि २०२२-२३पासून ती विद्यार्थीनिहाय घेतात, त्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना करून 'पटसंख्या कोसळली' म्हणायचं नाही.

दुसरी चिठ्ठी आली. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता सात मिनिटांत.

प्रश्न आधी एका ओळीत लिहा, त्यात जागा, वर्ष आणि कोणापैकी किती हे हवं. 'मुंबईत शाळा सोडणाऱ्या मुली' हा प्रश्न नव्हे. 'उपनगर जिल्ह्यात अमुक वर्षी नववी-दहावीत नोंदलेल्या मुलींपैकी किती गळल्या' हा प्रश्न. मग सरकार जो शब्द वापरतं तो वापरून शोधा. 'शाळाबाह्य मुले', 'गळती', 'घोषित झोपडपट्टी' असे शब्द अवतरणचिन्हांत टाका. शोधचौकटीत साइट, अपूर्णविराम आणि सरकारी पत्त्याचं शेपूट, गव्ह डॉट इन, टाकलं की भरताड गळतं. फाइलटाइप, अपूर्णविराम आणि पीडीएफ टाकलं की अहवाल वर येतात. मराठीत आणि इंग्रजीत दोनदा शोधा. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो, म्हणून 'कुपोषण' टाकून त्या कधीच सापडणार नाहीत. तिथे विभागाच्या पानावर जाऊन वर्षानुसार हाताने बघावं लागतं.

अहवाल मिळाला की आधी 'संकल्पना व व्याख्या' हे प्रकरण, मग नमुना किती आणि संदर्भकाळ कोणता, आणि मगच तक्ता. प्रसिद्धीपत्रक सगळ्यात शेवटी. राज्यापुरतं हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' मराठीतही येते, आणि प्रत्येक तक्त्याखाली आधार दिलेला असतो. तिथे न थांबता त्या आधारापर्यंत जा. मुंबईच्या नागरी सेवांवर प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचे अहवाल माहिती अधिकारातून मिळवलेल्या आकड्यांवर असतात, आकडा कोणत्या खात्याने दिला ते बघून घ्या.

संसदेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं ही दुर्लक्षित खाण आहे. उत्तरापेक्षा जोडपत्र उघडा, राज्यवार आकडे तिथे असतात. आणि 'अशी माहिती ठेवली जात नाही' हेही उत्तर जपून ठेवण्यासारखं. सप्टेंबर २०२०मध्ये टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल लोकसभेत हेच उत्तर मिळालं होतं. त्या विषयावर त्यानंतर जो कुणी सरकारी एकूण आकडा सांगेल, त्याला उगम विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर शासन निर्णय आला तर शेवटचा परिच्छेद बघा. 'संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक' असं म्हणून १८ अंकी आकडा असतो. सुरुवातीच्या अंकांत सहसा वर्ष, महिना, दिवस वाचता येतो. तो शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर टाका. सापडला नाही तर पुढे ढकलू नका, मग तो पगारवाढीचा असला तरी. (हशा)

शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांसाठी शोधगंगा. निबंधाचा डीओआय क्रमांक, म्हणजे त्याची कायमची ऑनलाइन ओळख, डीओआयच्या पानावर टाकून खरोखर उघडतो का बघा. एआयला विचारलेले संदर्भ तर एकेक तपासाच, कारण लेखक खरा, नियतकालिक खरं आणि निबंध अस्तित्वातच नाही, असं ते बिनदिक्कत देतं. नियतकालिक चांगलं की पैसे घेऊन छापणारं, यासाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, केअर यादी होती, ती २०२५मध्ये बंद झाली. आता संपादक मंडळातली माणसं आपल्या विद्यापीठाच्या पानावर ते नाव लिहितात का, ते बघा. लिहीत नसतील तर त्यांना बहुधा माहीतच नसतं.

शेवटचं. सरकारी दुवे मरतात, संकेतस्थळ नवं झालं की जुने अहवाल गायब होतात. म्हणून सापडल्याबरोबर पीडीएफ उतरवा, नावात संस्था, वर्ष आणि उतरवल्याची तारीख घाला, आणि पान वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून तो दुवाही टिपा. टिपणात तक्त्याचा क्रमांक आणि पान क्रमांक लिहा, नुसतं 'जनगणना २०११' लिहिलं तर महिन्याने तुम्हालाच परत सापडणार नाही.

यादी राहिली. व्यवस्थापकांकडे छापील प्रती ठेवल्या आहेत, एका पानाच्या. प्रत्येक नावासमोर ते कोणत्या प्रश्नाला चालत नाही, तेही लिहिलंय. आता प्रश्न विचारा, पण भाषण नको, ते आत्ताच झालं.