फोर्ट हिल : टेकडीवरचे राजकारणी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, ओवास्को सरोवराच्या उत्तरेला, ऑबर्न नावाचे एक छोटे शहर आहे. या शहरातील एका झाडीभरल्या टेकडीवर 1851 मध्ये दफनभूमी सुरू झाली. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या कितीतरी आधी इथे मूळ रहिवाशांची मातीची तटबंदी होती आणि तिच्यावरूनच टेकडीला फोर्ट हिल हे नाव पडले. माथ्यावर दिसणारा 56 फूट उंचीचा दगडी स्तंभ लोगन या मूळ अमेरिकी नेत्याच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. 1774 मध्ये गोऱ्यांनी लोगनच्या आप्तांची हत्या केली. त्यानंतरच्या त्याच्या प्रसिद्ध विलापातील शेवटचा प्रश्न या स्तंभावर कोरला आहे : लोगनसाठी शोक करणारे आता कोण उरले आहे?

आपण मात्र ज्या समाधीपाशी आलो आहोत, ती विल्यम हेन्री स्यूअर्ड यांची आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर, बारा वर्षे सेनेटर आणि अब्राहम लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री अशी पदांची मोठी यादी नावामागे असलेल्या या माणसाच्या समाधीवर इंग्रजीतील तीनच शब्दांचे एक वाक्य ठळकपणे कोरले आहे. मराठीत ते असे होईल : ‘तो विश्वासू राहिला.’ एवढ्या थोर पुरुषासाठी आपण खरे तर ‘ते’ म्हटले असते, परंतु हे वाक्य ज्या प्रसंगातून आले आहे, तो पाहिला की इथे एकवचनच शोभते असे वाटते.

तो प्रसंग 1846 चा आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ऑबर्नजवळच्या एका घरात शिरून विल्यम फ्रीमन नावाच्या तरुणाने व्हॅन नेस्ट कुटुंबातील चौघांना सुऱ्याने ठार मारले. मृतांमध्ये एक गर्भवती स्त्री आणि एक लहान मूल होते. फ्रीमन कृष्णवर्णीय होता आणि आईकडून त्याच्यात मूळ अमेरिकी वंशाचेही रक्त आले होते. जी घोडाचोरी आपण केलीच नाही असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला, तिच्यासाठी त्याने ऑबर्नच्या तुरुंगात पाच वर्षांची शिक्षा भोगली होती. तिथे डोक्यावर फळी मारली गेल्यानंतर त्याला नीट ऐकू येईनासे झाले होते आणि बाहेर आला तेव्हा त्याचे भान जवळजवळ हरपलेले होते. शहर संतापले होते, जमाव त्याचा जीव घ्यायला टपला होता आणि अशा वेळी माजी गव्हर्नर स्यूअर्ड यांनी एक पैसाही न घेता त्याचे वकीलपत्र घेतले. सरकार पक्षाकडून उभे राहिलेले राज्याचे महाधिवक्ता जॉन व्हॅन ब्यूरेन हे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचे चिरंजीव होते.

आरोपी वेडा आहे, म्हणून त्याला फाशी देता येणार नाही, असा स्यूअर्ड यांचा युक्तिवाद होता. भाषणाच्या अखेरीस ते ज्यूरीला म्हणाले की, माझे दिवस भरतील तेव्हा माझा देह इथेच, तुमच्यामध्ये, माझ्या आप्तांच्या आणि शेजाऱ्यांच्या सोबत विसावेल. कदाचित त्याला कोणी मान देणार नाही, त्याची उपेक्षाही होईल. परंतु आज उसळलेला क्षोभ कित्येक वर्षांनी ओसरल्यावर एखादा भटका परका, एखादा निर्वासित, एखादा इंडियन, एखादा निग्रो माझ्या अवशेषांवर साधासा दगड उभारील आणि त्यावर लिहील, ‘तो विश्वासू राहिला’. ज्यूरीने फ्रीमनला दोषीच ठरवले. वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, तरी फेरसुनावणी व्हायच्या आत, 1847 च्या ऑगस्टमध्ये, फ्रीमन कोठडीतच मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूला आजार असल्याचे आढळले. हरलेल्या खटल्यातील आणि स्वतःच्या गावाचा रोष ओढवून घेणाऱ्या भाषणातील वाक्य कोणी राजकारण्याने आपल्या थडग्यावर मिरवावे, हे विरळाच.

एरवी स्यूअर्ड हे पोचलेले राजकारणी होते आणि त्यांना निव्वळ साधुपुरुष समजणे चुकीचे ठरेल. तडजोडी, डावपेच, मतांची जुळवाजुळव या साऱ्यांत ते मुरलेले होते. तरीही 1850 मध्ये सेनेटमध्ये बोलताना राज्यघटनेहूनही श्रेष्ठ असा एक कायदा आहे असे त्यांनी सांगितले आणि 1858 मध्ये गुलामगिरी आणि मुक्त श्रम यांच्यातील संघर्ष अटळ असल्याचे बजावले. ही दोन वाक्ये त्यांच्या पाठीला कायमची चिकटली. 1860 मध्ये रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनाच मिळणार, अशी ऑबर्नची इतकी खात्री होती की शिकागोहून बातमी येताच डागण्यासाठी तोफसुद्धा सज्ज ठेवली होती. बातमी आली ती लिंकन यांच्या नावाची, आणि तोफ तशीच राहिली.

ज्याने हातातला घास काढून घेतला, त्याच्याच मंत्रिमंडळात ते सात महिन्यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून रुजू होण्यास तयार झाले. 14 एप्रिल 1865 च्या रात्री लिंकन यांच्यावर नाट्यगृहात गोळी झाडली गेली, त्याच सुमारास लुईस पॉवेल नावाचा मारेकरी वॉशिंग्टनमधील स्यूअर्ड यांच्या घरात शिरला. काही दिवसांपूर्वीच घोडागाडीच्या अपघातात जबडा आणि हात मोडल्याने ते अंथरुणाला खिळलेले होते. मारेकऱ्याने त्यांच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर सुऱ्याचे वार केले आणि त्यांचा मुलगा फ्रेडरिक याची कवटी फोडली. बापलेक दोघेही वाचले. पत्नी फ्रान्सिस मात्र सुमारे दोन महिन्यांतच वारल्या आणि पुढच्या वर्षी एकवीस वर्षांची मुलगी फॅनी क्षयाने गेली. त्या दोघीही याच टेकडीवर आहेत.

शाळेच्या पुस्तकांतून स्यूअर्ड यांचे नाव येते ते अलास्कासाठी. 30 मार्च 1867 च्या पहाटे चार वाजता रशियाशी करारावर सह्या झाल्या. किंमत ठरली 72 लाख डॉलर, म्हणजे एकरी सुमारे दोन सेंट, आणि टवाळखोरांनी या सौद्याला ‘स्यूअर्डचा खुळेपणा’ म्हटले. सौदा रशियाशी झाला, परंतु त्या भूमीवर हजारो वर्षे राहणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही, हे लोगनच्या स्तंभाच्या शेजारी उभे राहून सांगितलेच पाहिजे.

पद सुटल्यावर, हात निकामी होत चाललेले असतानाही, स्यूअर्ड 1870 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाले. 1871 मध्ये मद्रास, कलकत्ता, बनारस, आग्रा, दिल्ली असा हिंदुस्थान पाहून ते मुंबईला पोहोचले. कलकत्ता आणि मुंबई यांना जबलपूरमार्गे जोडणारा लोहमार्ग तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता. ऑबर्नला परतल्यानंतर, 10 ऑक्टोबर 1872 रोजी, राहत्या घरीच त्यांचे निधन झाले.

याच टेकडीवर थिओडोर पॉमेरॉय यांचेही थडगे आहे. 1861 ते 1869 अशी आठ वर्षे ते अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. 3 मार्च 1869 रोजी, उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्यापूर्वी, सभापती स्कायलर कोलफॅक्स यांनी राजीनामा दिला. जागा रिकामी राहू नये म्हणून सभागृहाने पॉमेरॉय यांना सभापती केले, आणि दुसऱ्या दिवशी त्या सभागृहाची मुदतच संपली. शब्दशः औटघटकेचे राज्य. पुढे ते ऑबर्नचे महापौर झाले. सेरेनो पेन यांची कारकीर्द याच्या उलट, दीर्घ आणि रटाळ म्हणावी अशी. 1883 मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले आणि, मधला दोन वर्षांचा खंड सोडला तर, 1914 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. बहुमतातील पक्षाचे सभागृह नेते म्हणून मानले जाणारे पहिले गृहस्थ तेच, आणि 1909 च्या गाजलेल्या आयात जकात कायद्याला त्यांचे नाव आहे. त्या कायद्यावरून त्यांच्याच पक्षात फूट पडली.

या साऱ्यांपेक्षा अधिक गर्दी असते ती एका उंच स्प्रूस वृक्षाखालच्या कबरीपाशी. हॅरिएट टबमन कधी कोणत्या सभागृहात बसल्या नाहीत आणि हयातभर त्यांना मताचा अधिकारही मिळाला नाही. गुलामीतून निसटून पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या या बाईंना 1859 मध्ये स्यूअर्ड यांनी ऑबर्नजवळची सात एकरांची जागा घरासह 1,200 डॉलरना, सोप्या हप्त्यांवर, विकली. कायद्याच्या दृष्टीने टबमन त्या वेळी फरार गुलाम होत्या आणि अशांना पकडून परत देण्याचा कायदा 1850 पासून लागू होता. जागा विकणारे गृहस्थ देशाचे विद्यमान सेनेटर होते. पुढची पन्नासहून अधिक वर्षे टबमन यांचे घर ऑबर्नच्याच परिसरात राहिले. 10 मार्च 1913 रोजी त्या वारल्या आणि त्यांना लष्करी मानवंदनेसह इथे आणले गेले.

स्यूअर्ड यांच्या समाधीवरील ‘विश्वासू’ हा शब्द मराठी बायबल वाचणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. मत्तयच्या शुभवर्तमानातील धनी आपल्या चाकराला म्हणतो, ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’. टबमन यांच्या कबरीवरचा दगड 1937 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांच्या महासंघाने उभारला. त्यावर नाव, अमेरिकी यादवी युद्धात परिचारिका आणि टेहळणी करणारी म्हणून केलेली सेवा आणि मृत्यूची तारीख आहे, आणि त्यांच्यासोबत त्याच वचनाची आठवण करून देणारी एक ओळ : ‘देवाच्या सेविके, शाबास.’