पाहणी मे महिन्यात झाली

श्रोतेहो, नमस्कार.

पालिकेच्या भाड्याच्या खोलीचं छत गळतं. सरकारी दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शन ‘बाहेरून आणा’ म्हणून सांगतात. आपण अर्ज करतो. तो अर्ज वर जातो, त्याच्यावर शिक्का बसतो, ‘उचित कार्यवाहीस्तव’ असं लिहिलं जातं, आणि फिरून फिरून तो येतो कुठे? ज्यांच्याबद्दल तक्रार होती, त्यांच्याच टेबलावर. मग ते स्वतःची चौकशी स्वतःच करतात आणि आपल्याला कळवतात, की सगळं ठीक आहे.

यावर उपाय म्हणजे तिसरा माणूस. त्या खात्याचा नसलेला, त्या साहेबाच्या हाताखाली नसलेला. स्वीडनने १८०९ मध्येच अशा अधिकाऱ्याचं पद निर्माण केलं. आपल्याकडे राज्यातल्या अशा अधिकाऱ्याला लोकायुक्त म्हणतात. ओडिशाने कायदा आधी केला, पण प्रत्यक्ष लोकायुक्त नेमला तो सगळ्यांत पहिल्यांदा महाराष्ट्राने. कायदा १९७१ चा, काम सुरू झालं ऑक्टोबर १९७२ मध्ये. लोकायुक्त म्हटलं की मंत्र्यांचे घोटाळे एवढंच आपल्या डोक्यात येतं. पण त्या कायद्यात भ्रष्टाचाराच्या आरोपाइतकंच साध्या गाऱ्हाण्यालाही स्थान आहे. कारभार नीट न झाल्यामुळे तुम्हाला त्रास झाला, एवढं गाऱ्हाणं पुरतं.

आता काकूंची गोष्ट सांगतो. ही मी दहा ठिकाणी सांगितली असेल, अकराव्यांदा ऐकून घ्या.

काकू कोकणातल्या एका शहरात राहायच्या, पालिकेच्या चाळीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरी फॉल-पिको, ब्लाउज शिवणं. मशीन खिडकीपाशी, कारण उजेड तिथेच. आणि पाऊस लागला की गळायचं तेही नेमकं तिथेच. (खरं म्हणजे शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो अशा मुलखात सपाट स्लॅब टाकायची बुद्धी कुणाला झाली, हे मला अजून कळलेलं नाही. उतरत्या कौलांखाली आपले आजे-पणजे कोरडे झोपले. असो.) तर काकू अर्जावर अर्ज करत होत्या. अखेर उत्तर आलं: ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता गळती आढळून आली नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

काकूंचा भाचा कोर्टात कारकून. त्याने लोकायुक्तांच्या नावे अर्ज लिहून दिला. वकील नाही, काही नाही. काही महिन्यांनी सुनावणीचं पत्र आलं आणि काकू रात्रीच्या एसटीने मुंबईला गेल्या. तिथे समोर पालिकेचे अभियंता, काखेत जाडजूड फाईल. पुढचं काकूंनी परत आल्यावर सांगितलं ते असं.

लोकायुक्त साहेबांनी फाईल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “पाहणी कोणत्या तारखेला केली?”

अभियंत्यांनी पान काढलं. मे महिन्यातली तारीख.

“मे महिन्यात गळती कशी आढळेल?”

“साहेब, छत पूर्ण कोरडं होतं,” अभियंता म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, असं काकूंचं मत.

मग साहेब काकूंकडे वळले. तुमच्याकडे काही नोंद आहे का? काकूंनी पिशवीतून मापाची वही काढली. तिच्यात गिऱ्हाइकांच्या मापांखालीच गळतीच्या नोंदी. छाती ३४, बाही ९, गळा मागून खोल, आणि त्याच्याखाली, ‘१४ जुलै, रात्रभर गळलं, दोन बादल्या, मशीन सरकवलं.’ पुढच्या पानावर परत माप, परत तारीख, परत बादल्या. दोन पावसाळ्यांचा हिशेब. साहेबांनी पानांची झेरॉक्स काढायला सांगितली, तर काकू उठून उभ्या राहिल्या. “तारखा घ्या हो, पण बायकांची मापं नका छापू. माझी गिऱ्हाइकं आहेत ती.” शेवटी मापांवर कोरा कागद ठेवून नुसत्या तारखांची झेरॉक्स निघाली.

सांगण्यात आलं, की जुलैमध्ये पुन्हा पाहणी करा, या बाईंच्या समोर करा, आणि फोटोसह अहवाल पाठवा. जुलैत अभियंता आले. छत्री दाराबाहेर ठेवून आत आले आणि मिनिटभरात ती परत आत घेऊन आले! गच्चीवर जाऊन बघितलं तर पाणी जायची मोरी बुजलेली, आणि घोटाभर पाणी साचलेलं. मोरी त्याच दिवशी मोकळी झाली आणि पुढच्या पावसाळ्याआधी गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहिली.

पुन्हा सांगतो. त्या साहेबांनी काही मोठा शोध लावला नाही. तारीख विचारली. खात्यातल्या खात्यात ती कुणी विचारली नव्हती, कारण विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला उद्या एकाच ऑफिसात चहा प्यायचा असतो.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा कामाचं भरभर सांगतो. गाऱ्हाणं करायचं तर मुदत बारा महिन्यांची. तुम्हाला ती गोष्ट कळली त्या दिवसापासून बारा महिने. ‘बघू, पुढच्या वर्षी’ म्हणत बसू नका, बारा महिने. कोर्टात जाण्यासारखं प्रकरण असेल तर सहसा इथे घेत नाहीत. लोकायुक्त हुकूम सोडत नाहीत, शिफारस करतात. पण शिफारशीवर काय केलं ते खात्याला कळवावं लागतं, आणि समाधान झालं नाही तर खास अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळापुढे. याच कायद्यात मला फार आवडलेलं एक कलम आहे: तुरुंगातल्या माणसाने लोकायुक्तांना लिहिलेलं पत्र न फोडता पोचवायचं. अशी कलमं लिहिणाऱ्यांना आपण विसरतो आणि पुतळे भलत्यांचेच उभारतो.

खासगी बिल्डर असेल तर वाट वेगळी, महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. सोसायटीचं भांडण असेल तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक. खासगी रुग्णालयांसाठी २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि तक्रारीसाठी स्थानिक यंत्रणेने कक्ष ठेवायचा आहे.

आणि सरकारी दवाखान्यात ‘बाहेरून आणा’ म्हणून जी चिठ्ठी देतात ना, ती बहुतेक वेळा कोऱ्या कागदावर असते, नाव नाही, शिक्का नाही. ती औषधवाल्याकडे सोडून येऊ नका. त्याचं पक्कं बिल घ्या, चिठ्ठी त्याला टाचा, आणि मागे तारीख, वेळ आणि वॉर्ड लिहून ठेवा. पेन नसेल तर नर्सबाईंकडेच मागा.